पहिला ठसा

मंडळी, शितावरून भाताची परीक्षा होते. पण तांब्याच्या पत्र्यावर चित्र करणाऱ्याने परीक्षा कशावरून करावी? प्रूफावरून, म्हणजे कच्च्या ठशावरून.

समजा, आपल्या लोणारच्या सरोवराचे आणि काठच्या कमळजादेवीच्या देवळाचे चित्र एचिंगने छापायचे आहे. चित्रकार गुळगुळीत पत्र्यावर मेण-राळेचा पातळ लेप देतो. त्यावर सुईने रेघा ओढतो, की तेवढे तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात ठेवतात. तेजाब फक्त उघड्या रेघा खाते. जितका वेळ ठेवावा तितकी रेघ खोल, आणि छापल्यावर तितकी काळी. नंतर लेप काढून रेघांत शाई भरतात, वरची शाई पुसतात, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबाच्या रुळांतून काढतात.

हा ठसा हाती येईपर्यंत आपण काय केले हे खुद्द चित्रकारालाही नीट दिसत नाही. डावीकडचे देऊळ उजवीकडे गेलेले असते! मिरजेस १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्या कामात अक्षरे उलटी कोरावी लागतात, ती याचमुळे.

आता चित्रकार ठशावरच खुणा करतो: पाणी फिके, सावली अपुरी. फिके गडद करणे सोपे. तो भाग पुन्हा तेजाबात खाऊ द्यायचा, बाकीचा झाकायचा. पण खाल्लेले तांबे परत येत नाही. गडद रेघ घालवायची तर भोवतालचे तांबे खरवडून, घोटून सपाट करावे लागते. म्हणून जाणता कारागीर थोडे थोडे खाऊ देतो आणि दर टप्प्याला ठसा काढतो.

हॉलंडच्या रेम्ब्रांटने १६५३ साली ‘तीन क्रूस’ हे चित्र तेजाबाशिवाय, थेट तांब्यावर कोरले. पुढे काही वर्षांनी त्याच पत्र्यावरची कित्येक माणसे त्याने खरवडून टाकली आणि सारे दृश्य अंधारात बुडवले. दोन्ही वेळचे ठसे आज जपलेले आहेत. ते शेजारी ठेवले की त्याचा विचार कसा बदलला ते दिसते.

मनासारखा ठसा निघाला की चित्रकार त्याला मंजुरी देतो. छापणारा मग प्रत्येक प्रत त्याच्याशी ताडून पाहतो. प्रतीखाली ५/३० असे दिसले, तर ती तीस प्रतींच्या संचातली पाचवी समजावी.

गुरुजी, मुलाच्या निबंधाचा पहिला खर्डा फेकून देऊ नका. दुसऱ्याशेजारी ठेवून त्यालाच विचारा, “काय बदललेस, आणि का?”