वाहनतळ शुल्क

वाहनतळ शुल्क (बोलीभाषेत पार्किंगचे पैसे) म्हणजे वाहन नेमून दिलेल्या जागी उभे करण्याबद्दल आकारली जाणारी रक्कम होय. रस्त्याकडेच्या जागेसाठी ती स्थानिक स्वराज्य संस्था किंवा तिचा ठेकेदार घेतो. मॉल, रुग्णालय, चित्रपटगृह अशा ठिकाणी जागेचा मालक किंवा चालक घेतो. या शुल्काविषयीचे वाद केवळ रकमेवरून होत नाहीत. ती कोणत्या नियमाने मोजली आणि तो नियम वाहन आत नेण्यापूर्वी कळला होता का, हे मुद्दे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

नाणे टाकून चालणारे जगातील पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसवण्यात आले. महाराष्ट्रात मोटारींच्या आधीपासून गाडीतळ व टांगातळ होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये अशा तळांवरील फीचा उल्लेख आहे. ‘वाहनतळ’ हा शब्द याच परंपरेतला आहे.

दरांची रचना

दर सामान्यतः टप्प्यांनी ठरवलेले असतात व ‘तास किंवा त्याचा भाग’ या शब्दांनी मोजले जातात. उदाहरणार्थ, पहिल्या दोन तासांना ३० रुपये व पुढील प्रत्येक तासास किंवा त्याच्या भागास २० रुपये असा दर आहे असे समजू. दोन तास पूर्ण होताच बाहेर पडणारा ३० रुपये देतो. पाच मिनिटे उशीर झालेला ५० रुपये देतो. म्हणजे त्या पाच मिनिटांना ताशी २४० रुपये या हिशेबाने पैसे पडतात. बाहेर पडण्याच्या रांगेत गेलेला वेळही मोजला गेला, तर वाहनचालकाच्या हातात नसलेल्या विलंबाचा भार त्याच्यावर येतो. तिकीट हरवल्यास पूर्ण दिवसाचा आकार आणि सुट्टीच्या दिवसाचा वेगळा दर यांमुळे हिशेब आणखी अवघड होतो.

शुल्क आकारण्याचा अधिकार

शुल्क घेणारी संस्था हद्दीप्रमाणे बदलते. सांगली, मिरज व कुपवाड ही शहरे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेत येतात. सांगलीलगतचे, मिरज तालुक्यातील माधवनगर मात्र २०११ च्या जनगणनेत ‘जनगणना नगर’ म्हणून नोंदलेले आहे. अशा नगराला स्वतःची नगरपालिका नसते. रस्ता तोच असला, तरी हद्द ओलांडताच महानगरपालिकेचा दर लागू राहत नाही. पावतीवर संस्थेचे नाव नसेल, तर पैसे अधिकृतपणे घेतले की नाही हे वाहनचालकास समजू शकत नाही.

महाराष्ट्रातील धोरणे

पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये सार्वजनिक वाहनतळ धोरण मंजूर केले. विरोधामुळे ते प्रथम पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर राबवण्याचे ठरले. रस्त्याची जागा मर्यादित आहे व ती फुकट दिल्यास वाहन नसलेल्यांवरही तिचा भार पडतो, अशी समर्थकांची भूमिका होती. सार्वजनिक वाहतूक सुधारल्याशिवाय शुल्क लादू नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीस १०,००० रुपये दंड जाहीर झाला. या रकमेवर बरीच टीका झाली.

न्यायालयीन निर्णय

बांधकाम नियमांनुसार मॉलना वाहनतळ ठेवणे बंधनकारक असते. अशा जागेसाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घेता येतात का, याविषयी न्यायालयांत एकवाक्यता नाही. जुलै २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने मॉल व मल्टिप्लेक्स यांना शुल्क घेण्यास मनाई केली. केरळ उच्च न्यायालयाने मात्र लुलू मॉलच्या प्रकरणात परवान्याच्या आधारे शुल्क घेण्याचा हक्क मान्य केला.

‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी अनेक ठिकाणी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीतील ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात निर्णय दिला. वाहन व किल्ली हॉटेलच्या सेवकाकडे सोपवली असता, हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे वाहन चोरीस गेल्यास केवळ अशा सूचनेच्या आधारे जबाबदारी झटकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ग्राहकाने स्वतः वाहन लावून किल्ली जवळ ठेवली असल्यास परिस्थिती वेगळी ठरू शकते.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेची पावती न देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. संस्थेचे नाव, आत आल्याची व बाहेर पडल्याची वेळ, आणि आकारलेली रक्कम एवढा तपशील पावतीवर असल्यास हिशेब पडताळता येतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास, तक्रार दाखल करण्यास फी लागत नाही. त्यामुळे वीस रुपयांच्या जादा आकारणीविरुद्धही दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती जपून ठेवणे आवश्यक ठरते.