डाखाउचं न्यायालय : साडेसात शतकांचा मागोवा

म्युनिकजवळच्या डाखाउचं नाव निघालं की छळछावणी आठवते. पण त्या छावणीने काय उद्ध्वस्त केलं, हे समजण्यासाठी तिथल्या न्यायालयाचा इतिहास पाहायला हवा.

११८२ मध्ये डाखाउच्या काउंटांचा वंश खुंटला आणि हा मुलूख बव्हेरियाच्या विटल्सबाख घराण्याकडे आला. पुढे इथे ड्यूकचं ‘लांडगेरिश्त’ उभं राहिलं. ड्यूकचा अधिकारीच मुलखाचा कारभार पाही आणि खटलेही चालवी. त्याची सत्ता सलग नव्हती. मठांच्या आणि सरदारांच्या जहागिरीत किरकोळ तंटे जहागीरदारच निकालात काढत. खून, बलात्कार, चोरी असे देहदंडाचे गुन्हे तेवढे ड्यूकच्या न्यायालयात जात. शेतकऱ्याने ज्याला खंड भरायचा, त्याच्याच दारात दाद मागायची, अशी ही व्यवस्था होती.

ती बदलायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८०६ मध्ये बव्हेरियात कबुलीसाठी होणारा छळ बंद झाला. १८१३ मध्ये कायदेपंडित फॉयरबाखची दंडसंहिता आली. १८४८ च्या क्रांतीने जहागीरदारांचे न्यायाधिकार संपवले. या सगळ्यात मोलाचं पाऊल पडलं ते १८६२ मध्ये : कारभार नव्या जिल्हा कचेरीकडे गेला आणि न्यायालयाकडे फक्त न्याय उरला. १८७९ मध्ये डाखाउला आम्ट्सगेरिश्त हे कनिष्ठ न्यायालय मिळालं. पुढे लेखक म्हणून गाजलेला लुडविग थोमा १८९४ मध्ये याच गावात वकिली करू लागला आणि इथल्या शेतकऱ्यांचं जग त्याच्या लेखनात उतरलं.

मार्च १९३३ मध्ये नाझींनी इथे छळछावणी उघडली. १२ एप्रिलला तिथे चार ज्यू कैद्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. डाखाउ ज्याच्या अधिकारक्षेत्रात येत होतं, त्या म्युनिक-२ जिल्हा न्यायालयाचे सरकारी वकील योझेफ हार्टिंगर दुसऱ्याच दिवशी चौकशीला पोहोचले. न्यायालयाचे डॉक्टर मोरित्झ फ्लाम यांनी मृतदेहांवरच्या खुणा नोंदवल्या. कैद्यांचे मृत्यू वाढत गेले, तशी चौकशीही वाढली आणि जूनमध्ये छावणीच्या प्रमुखापर्यंत आरोप पोहोचले. तेव्हा नाझी सत्ताधाऱ्यांनी फाइलीच दाबून टाकल्या. कारभारापासून न्याय वेगळा करायला शतकं लागली होती. ते दोन्ही पुन्हा एका मुठीत जायला काही महिने पुरले.

तरीही हार्टिंगर आणि फ्लाम यांचं काम वाया गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कागद सापडले आणि न्युरेम्बर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडले गेले. दहशतीच्या काळातही कायद्याने नेमून दिलेलं काम त्या दोघांनी चोख केलं, म्हणूनच तो पुरावा उरला.