सोन्याची गोळी आणि तिकिटाची रांग

रेल्वेच्या तिकीट-खिडकीपुढची रांग ही तशी क्षुल्लक बाब. तिच्यात उभे राहणाऱ्याला कंटाळा येतो, ती मोडून पुढे घुसणाऱ्याचा क्षणभर राग येतो, आणि गाडी सुटली की दोन्ही विसरले जातात. परंतु बंदुका, घोडे आणि सोन्याची नाणी यांनी खच्चून भरलेल्या एका चित्रपटाचा निकाल अखेर अशाच एका रांगेवर लागतो, तेव्हा त्या रांगेपाशी थोडे थांबणे भाग पडते. दामियानो दामियानी या इटालियन दिग्दर्शकाचा 'किएन साबे?' म्हणजे 'कोणास ठाऊक?' हा तो चित्रपट. डिसेंबर १९६६ मध्ये तो इटलीत प्रथम झळकला आणि पुढे इंग्रजी जगात 'ए बुलेट फॉर द जनरल' या नावाने फिरला. आता तो ब्लू-रे चकतीवर आल्याने, फाटक्या आणि धूसर प्रतींवर इतकी वर्षे समाधान मानणाऱ्या रसिकांना घरबसल्या नीट पाहता येतो. अमेरिकेसाठी आखूड केलेली प्रत आणि मूळची लांब प्रत अशा दोन्ही उपलब्ध आहेत. पाहावयाची ती लांब प्रतच.

इटलीत तयार होणारे 'वेस्टर्न' चित्रपट भारतीय प्रेक्षकाला सर्वस्वी अपरिचित नाहीत. १९६४ पासून सेर्जिओ लिओने यांनी या प्रकाराला जी चाल दिली, तिचे ऋण १९७५ च्या 'शोले'त उघड दिसते. ओसाड माळ, घामेजलेले चेहरे आणि पैशासाठी लढणारे भाडोत्री वीर हा सगळा सरंजाम तिकडचाच. मात्र या चित्रपटांच्या गर्दीत एक छोटासा गट वेगळा होता. त्याने बंदूकबाजाची कथा उचलून मेक्सिकोच्या १९१० ते १९२० या दशकातील क्रांतीत नेऊन ठेवली, आणि पैसा कोणाचा, जमीन कोणाची, असे प्रश्न विचारले. 'किएन साबे?' हा त्या गटातील आरंभीचा आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक चित्रपट. त्याच्या पटकथेवर फ्रांको सोलिनास यांचा हात फिरला होता, हे कळले की बराच उलगडा होतो. सोलिनास हे इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे. त्याच १९६६ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळविणाऱ्या 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'ची पटकथाही त्यांचीच. अल्जिअर्समध्ये त्यांनी वसाहतवादाचे राजकारण हाताळले. येथे त्यांच्यापुढे वसाहतवादाचे हिशेब आहेत.

कथा थोडक्यात अशी. एल चुंचो हा मेक्सिकन दरोडेखोर सरकारी फौजेची शस्त्रे लुटतो आणि क्रांतिकारक जनरल एलियास याला विकतो. रुळांवर एक लष्करी अधिकारी जखडून त्याची टोळी दारूगोळ्याची आगगाडी अडविते. याच गाडीत बिल टेट हा एक टापटिपीचा, गोऱ्यागोमट्या चेहऱ्याचा तरुण अमेरिकन प्रवास करीत असतो. तो इंजिनचालकाला ठार करून गाडी थांबवितो, स्वतःच्याच हातांत बेड्या अडकवितो आणि कैदी असल्याची बतावणी करून टोळीत शिरतो. चुंचोला हा 'निन्यो', म्हणजे पोरगा, मनापासून आवडू लागतो. पोरगा दारू पीत नाही, बायकांच्या मागे लागत नाही, वायफळ बोलत नाही. त्याच्या पेटीत सोन्याची एक बंदुकीची गोळी असते. ती शुभशकुनाची आहे, एवढेच तो सांगतो.

चुंचोच्या भूमिकेत ज्यान मारिया व्होलोन्ते आहेत. हशा, आरडाओरडा, हातवारे यांची त्यांच्याकडे रेलचेल आहे. कित्येक प्रसंगी ती जरा जास्तच होते. त्यांच्यासमोर लू कास्टेल यांचा टेट जवळजवळ निर्विकार. गंमत अशी की पैशाखेरीज कशावरही श्रद्धा नसलेला हा माणूस ज्याने रंगविला, तो कास्टेल स्वतः कडव्या डाव्या चळवळीत होता, आणि त्यापायी १९७२ मध्ये इटालियन सरकारने त्याला देशाबाहेर काढले. दुसरी विसंगती अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक भावेल. क्रांतीचा हा चित्रपट फ्रांकोच्या हुकूमशाही स्पेनमध्ये, अल्मेरियाच्या उजाड मुलुखात चित्रित झाला. तेथे जमीन मेक्सिकोसारखी दिसत असे, आणि मजुरी स्वस्त होती. पडद्यावर भूमिहीन शेतमजूर म्हणून वावरणाऱ्या कित्येक चेहऱ्यांना अभिनय करण्याची फारशी गरज पडली नसावी.

चित्रपटाचा कणा म्हणजे सान मिगेल या गावाचा प्रसंग. गावकऱ्यांनी जमीनदार दोन फेलिपे याला धरले आहे. आपण श्रीमंत आहोत म्हणूनच आपल्याला मारणार काय, असे तो विचारतो. त्यावर मिळणारे उत्तर असे, की आम्ही गरीब आहोत आणि आम्ही गरीबच राहावे यासाठी तुम्ही होते नव्हते ते सर्व केलेत, म्हणून. या एका उत्तरात पोर्फिरिओ दियाझ यांच्या दीर्घ राजवटीचा सारा इतिहास सामावला आहे. त्या काळात गावांच्या सामायिक जमिनी मोठमोठ्या जमीनदाऱ्यांनी, ज्यांना तेथे हासिएंदा म्हणत, गिळंकृत केल्या. मजुराला रोजी मिळे, परंतु ती मालकाच्याच दुकानात खर्चावी लागे. दुकानाच्या वहीत कर्ज साचे, आणि बापाचे कर्ज मुलाच्या नावे चढे. मालाचा भाव, मजुरीचा दर आणि कर्जाची नोंद या तिन्ही गोष्टी एकाच लेखणीने लिहिल्या जात. बाजार नावाची संस्था असूनही नसल्यासारखी होते ती अशी.

जमीनदार मारला जातो. गाव चुंचोला म्हणते, आता फौज येईल, तू राहा, आम्हाला लढायला शिकव. चुंचो राहतोही. कवायत सुरू होते. परंतु टेट आणि बाकीची टोळी पुढे निघून जाते, आणि जाताना मशीनगनही नेते. तिला एलियासकडे मोठा भाव मिळणार असतो. मशीनगन परत आणण्याच्या निमित्ताने चुंचो गाव सोडतो, आणि मग परतत नाही. हा निर्णय तो एका क्षणी, छाती ठोकून घेत नाही. आज जाऊ, उद्या परतू, असे करता करता निर्णय आपोआप होतो. माणसे आपली माणसे कशी सोडतात, हे दिग्दर्शकाने येथे फार संयमाने दाखविले आहे.

एलियासच्या तळावर शस्त्रांचा सौदा पुरा होतो. मग जनरल सान मिगेलची विचारपूस करतो आणि सांगतो, की त्या गावाची कत्तल झाली. ती कत्तल आपल्याला पडद्यावर दिसत नाही, केवळ ऐकू येते. परिणाम अधिकच होतो. अशा माणसाला शिक्षा काय, असे विचारल्यावर चुंचो स्वतःच मृत्युदंड कबूल करतो. त्याला गोळी घालण्याचे काम त्याचा सावत्र भाऊ सांतो मागून घेतो. हा निम्मा साधू, निम्मा वेडा सांतो क्लाउस किन्स्की यांनी उभा केला आहे. त्याच वेळी दूरच्या टेकडीवरून टेट दोन नेम साधतो. एक सोन्याच्या गोळीने जनरलचा, दुसरा सांतोचा.

पुढचा भाग मात्र कोणत्याही ठरीव सूडकथेत बसत नाही. सिउदाद हुआरेझ या सीमेवरच्या शहरात चुंचो टेटला गाठतो ते त्याला ठार मारण्याच्या इराद्याने. आणि टेट काय करतो? एलियासच्या मस्तकासाठी सरकारने दिलेल्या बक्षिसाची बरोबर अर्धी रक्कम त्याच्या हाती ठेवतो. ती त्याने चुंचोसाठी जपून ठेवलेली असते. तो पळून गेलेला नाही, त्याने हिशेबात पैशाचीही लबाडी केलेली नाही. चुंचोची मदत झाली, म्हणून चुंचोचा वाटा. यानंतर न्हावी, शिंपी, उंची हॉटेल, आणि अमेरिकेस जाण्याचा बेत.

येथे सोलिनास यांची बुद्धी दिसते. सामान्य लेखकाने टेटला दगाबाज केले असते, आणि प्रेक्षकाने त्याच्या मृत्यूवर टाळ्या वाजविल्या असत्या. येथे टेट करार अक्षरशः पाळतो. व्यवहारात दोन पक्ष आहेत, दोघेही संतुष्ट आहेत, किंमत उभयपक्षी मान्य आहे. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने हा विनिमय निर्दोष ठरेल. परंतु त्या किमतीचा मोठा भाग ज्यांनी भरला, ते सान मिगेलचे लोक सौद्याच्या वेळी हजर नव्हते, आणि आता तर ते कोठेच नाहीत. दोघांच्या न्याय्य व्यवहारात तिसऱ्याच्या माथी पडणारा खर्च अर्थशास्त्राला ठाऊक आहे. त्याला या शास्त्रात एक थंड, तांत्रिक नावही आहे. चुंचोला ते नाव माहीत नाही. त्याला फक्त अस्वस्थ वाटते.

आणि मग स्टेशनवरची ती रांग. खिडकीपुढे गरीब मेक्सिकन मजूर ताटकळत उभे असतात. टेट त्यांना बाजूला सारून सरळ पुढे जातो आणि तिकिटे घेतो. त्याच्या कृतीत उर्मटपणाही नाही. तेथे कोणी उभे आहे हे त्याला दिसतच नाही. जेथे पैशाने अग्रक्रम ठरत नाही अशा थोड्या जागांपैकी रांग ही एक. तिच्यात आधी आलेल्याचा हक्क चालतो, आणि त्या हक्काला दुसरा काहीही आधार नसतो. चुंचो हे पाहतो. कालपर्यंत तोही त्या रांगेतला होता. आज नव्या सुटात तो रांगेबाहेर उभा आहे. गाडी सुटण्याच्या वेळी तो टेटला गोळी घालतो. का, असे मरणारा विचारतो, आणि चुंचोला कारण सांगता येत नाही. कोणास ठाऊक, एवढेच तो म्हणतो.

हे सारे काल्पनिक आहे, पण हवेतले नाही. १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका येथील हासिएंदाच्या दारात एमिलिआनो झापाता यांना ठार मारले गेले, तेही अशाच रीतीने. सरकारी फौजेतील कर्नल गुआखार्दो याने फितूर होण्याचे नाटक केले, दारूगोळा देऊ केला आणि विश्वास संपादून घात केला. त्याला बढती मिळाली, बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी बंडाच्या आरोपावरून त्यालाही गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याला अमेरिकन करणे ही मात्र पटकथेची जोड, आणि तिलाही आधार आहे. १९१३ मध्ये अध्यक्ष मादेरो यांच्याविरुद्धच्या कटात अमेरिकन राजदूताचा हात होता. १९५४ मध्ये ग्वातेमालात जमीनसुधारणा करू पाहणारे आर्बेन्झ यांचे सरकार अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या साह्याने पाडण्यात आले. १९६६ सालच्या इटालियन प्रेक्षकाला हे निराळे सांगावे लागत नव्हते.

चित्रपटात उणिवा आहेत. मेक्सिकन माणूस म्हणजे भाबडा, पोरकट, चटकन हसणारा आणि चटकन मारणारा, ही गोऱ्यांची जुनी समजूत डाव्या विचाराच्या या लेखक-दिग्दर्शकांनाही सर्वस्वी टाळता आलेली नाही. टोळीतील एकमेव स्त्री आदेलिता हिला मोजक्या प्रसंगांपलीकडे वाव नाही. परंतु सर्वांत मोठा आक्षेप शेवटाबद्दलच घ्यावा लागेल. पळता पळता चुंचो आपले सारे पैसे स्टेशनवरच्या एका गरिबाकडे फेकतो आणि ओरडून सांगतो, की याची भाकर घेऊ नकोस, सुरुंगाची दारू घे. दृश्य अंगावर काटा आणणारे आहे, यात शंका नाही. पण सान मिगेलला भाकर आणि दारू या दोहोंची गरज होती, आणि दोहोंच्याही आधी गावातच टिकून राहणाऱ्या एका माणसाची. ते चुंचोला जमले नाही. पैसे फेकून तो पुन्हा एकदा पळतच आहे.

भाकरीचा प्रश्न मेक्सिकोने पुढे आपल्या परीने हाताळला, आणि त्या कामी एक मराठी माणूसही होता. क्रांतीतून १९१७ ची राज्यघटना आली. तिच्या २७ व्या कलमाने जमिनीवर मूळ हक्क राष्ट्राचा ठरविला. लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४० या काळात, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली गेली. पण जमीन मिळाली तरी बी-बियाणे आणि कसण्याचे ज्ञान लागते. चापिंगो येथील एका जुन्या हासिएंदात शेतकी विद्यालय थाटण्यात आले होते. तेथे १९२४ नंतर शिकवू लागले ते वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतलेला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध शस्त्र घेऊन इराणात उतरलेला हा माणूस. मेक्सिकोत त्यांनी मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर काम केले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण खात्याच्या इमारतीतील भित्तिचित्रात त्यांना जेवणाच्या मेजाशी, भाकर वाटताना रंगविले आहे. चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसविण्यात आला.

खानखोजे यांनी आधी दारूगोळा हाताळला होता आणि मग दाणा. दामियानी यांच्या नायकाचा प्रवास फलाटावरच संपतो, त्यापुढील तीस वर्षे खानखोजे मक्याच्या कणसांत वाकून बसले होते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे नागपुरात निधन झाले, तेव्हा इटलीतील चित्रपटगृहांत 'किएन साबे?' लागून दोन महिनेही झाले नव्हते.