यादीतून नाहीसा झालेला संगणक

सकाळी साडेदहाची वेळ. कचेरीतील हिशेबनीस आपल्या संगणकावर ‘नेटवर्क’ नावाची खिडकी उघडतो आणि थबकतो. काल संध्याकाळपर्यंत तेथे आठ संगणकांची नावे होती. आज पाचच आहेत, आणि ज्या संगणकावर साऱ्या कचेरीच्या खतावण्या ठेवलेल्या, नेमक्या त्याचाच पत्ता नाही. शेजारच्या खोलीत डोकावून पाहावे, तर तो संगणक व्यवस्थित चालू असून त्याच्यापुढे बसलेला कारकून निवांतपणे पत्र टंकीत आहे. मग तारा उपसून पुन्हा खोवणे, संगणक बंद करून चालू करणे, राउटरची वीज तोडणे असे उपचार सुरू होतात. अर्ध्या-पाऊण तासाने नाव परत आले, तर जो उपचार शेवटी झाला त्याला श्रेय मिळते. नाही आले, तर कोणीतरी कोठेतरी वाचलेला एखादा जालीम उपाय योजला जातो आणि यादी दिसू लागली म्हणून सर्वजण समाधानाने कामाला लागतात. घातक आहे तो हा दुसरा प्रकार.

ही यादी येते तरी कोठून? जाळ्याला जोडलेल्या संगणकांचे ते जणू प्रत्यक्ष दर्शनच होय, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती ऐकीव माहिती आहे. कोणीतरी हाक दिली, कोणीतरी ती ऐकली आणि टिपून ठेवली, एवढाच तिचा आधार.

ही पद्धत जुनी आहे. १९८३ साली आयबीएम कंपनीच्या छोट्या संगणकांच्या जाळ्यासाठी ‘नेटबायोस’ नावाची व्यवस्था तयार झाली. तीत संगणकाला मनुष्याला वाचता येईल असे नाव धारण करता येऊ लागले. पुढे मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीत या नावासाठी पंधरा अक्षरांची मर्यादा ठरविली आणि सोळावी जागा तो संगणक कोणते काम करतो हे सांगणाऱ्या खुणेसाठी राखून ठेवली. १९९२ साली ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ बाजारात आले आणि शेजारच्या संगणकांची नावे पडद्यावर पाहण्याची सोय लहान कचेऱ्यांतही पोचली. तिच्यामागे जी सेवा राबत होती तिचे नाव ‘कॉम्प्युटर ब्राउझर’. आज ब्राउझर म्हटले की महाजालावरील पाने उघडण्याचे साधन डोळ्यांपुढे येते, परंतु या सेवेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिचा कारभार गावच्या चावडीसारखा चाले. संगणक सुरू झाला की तो आपल्या नावाची दवंडी पिटी. प्रथम मिनिटामिनिटाने, मग हळूहळू अंतर वाढवीत शेवटी दर १२ मिनिटांनी. समूहातील एक संगणक पाटीलकी करी. त्याला ‘मास्टर ब्राउझर’ म्हणत. तो या दवंड्या ऐकून हजेरीपट लिही, आणि एखाद्याच्या लागोपाठ तीन दवंड्या चुकल्या, म्हणजे ३६ मिनिटे उलटली, की त्याचे नाव काढून टाकी. हजेरीपटाच्या नकला आणखी एकदोन संगणकांजवळ असत व त्या दर १५ मिनिटांनी ताज्या होत. आता बेरीज करून पाहावी. ज्याची वीज अकस्मात गेली आहे असा संगणक सुमारे ५१ मिनिटांपर्यंत यादीत ‘हजर’ दिसू शके, आणि नुकताच जागा झालेला संगणक मात्र काही वेळ गैरहजर राही. कोणत्याही उपचाराने तासाभरात गुण येई याचे रहस्य या हिशेबात आहे. उपचार न करताही तो आला असता.

ही पाटीलकी निवडणुकीने ठरे. ज्याची प्रणाली नवी त्याचा मान मोठा. त्यात बरोबरी झाली तर अधिक वेळ चालू असलेला श्रेष्ठ. तेथेही निर्णय न लागला तर नावाच्या वर्णानुक्रमाने. पाटील रीतसर बंद केला तर तो जाता जाता निवडणूक पुकारी. पण तारच निसटली, तर तो सापडत नाही असे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात येईपर्यंत गावाला पाटील नसे. ज्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हातास येईल तो संगणक बंद करण्याची शिस्त होती, तेथे दुपारी यादी अर्धवट दिसे ती यामुळे. शिवाय दवंडीचा आवाज राउटरपलीकडे जात नसे. वरच्या मजल्याचे जाळे वेगळे असले तर तेथील नावांसाठी ‘विन्स’सारखी स्वतंत्र नोंदवही लागे.

ही चावडी मोडण्याचे निमित्त २०१७ साली घडले. संगणकांनी एकमेकांच्या फाइली वापराव्यात यासाठी जी बोली ठरलेली आहे, तिला एसएमबी म्हणतात, आणि हजेरीपट मागण्याचा व्यवहार तिच्या पहिल्या, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात जन्मलेल्या आवृत्तीतूनच होत असे. विंडोजमधील या आवृत्तीच्या अंमलबजावणीत एक गंभीर छिद्र होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्यावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा हल्ला कोसळला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा किडा कोणी काही न उघडताच एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा युरोपीय पोलीस संघटनेने दिला. ब्रिटनमधील इस्पितळांना तर रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, याच छिद्राचा उपयोग करणारा ‘नॉटपेट्या’ जगभर पसरला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. मालाचे अवजड डबे हलविणारे बंदर संगणकांच्या एका जुन्या बोलीपायी अडखळले!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही पहिली एसएमबी आपोआप बसविणे बंद करण्यास आरंभ झाला. ती गेली, आणि तिच्या आधाराने उभी असलेली ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ सेवाही तिच्याबरोबर गेली. नवा संगणक आणला आणि यादी रिकामी झाली, ही तक्रार तेव्हापासून कचेऱ्याकचेऱ्यांत ऐकू येते.

वर जो जालीम उपाय म्हटला तो येथे प्रकट होतो. विंडोजच्या सुविधांच्या यादीत जाऊन ‘एसएमबी १.०’ पुढे खूण करावी, संगणक पुन्हा सुरू करावा, की कित्येकदा नावे झळकू लागतात. मार्चमधली दुरुस्ती बसलेल्या संगणकावर ते विशिष्ट छिद्र बुजलेले असते, हे खरे. तथापि नव्या आवृत्त्यांत आलेली संरक्षणे, उदाहरणार्थ वाटेतील मजकूर कूटलिपीत ठेवण्याची सोय, जुन्या बोलीत मुळीच नाहीत. केवळ नावे पाहण्याच्या सोयीसाठी खतावण्यांच्या खोलीचे मागील दार काढून ठेवण्यासारखा हा व्यवहार आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टचाही या बाबतीत निषेधाचाच सल्ला आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे यादी बाजूला ठेवून त्या संगणकाला नावाने हाक मारावी. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्यापुढे संगणकाचे नाव लिहावे. सामायिक फोल्डर उघडले, तर दोष फक्त यादीत आहे, व्यवहारात नाही. हिशेबनिसाने खुशाल कामाला लागावे. न उघडल्यास नावाच्या जागी त्या संगणकाचा अंकी पत्ता लिहून पाहावा. अंकाने उघडते आणि नावाने नाही, असे झाले तर नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था बिघडली आहे. अंकानेही उघडले नाही, तर मात्र तार, वायरलेस जोडणी किंवा फायरवॉल यांकडे वळावे. त्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही, असे बहुधा निश्चित समजावे.

येथे एक चूक वारंवार होते. ‘पिंग’ नावाची हाक दिली, उत्तर आले नाही, म्हणून संगणक मृत ठरविला जातो. विंडोजची फायरवॉल अशा हाकेला उत्तर न देण्याइतकी मितभाषी असू शकते. फाइलींचा व्यवहार ४४५ क्रमांकाच्या दारातून चालतो. ते उघडे आहे की नाही हे पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने तपासणे अधिक विश्वसनीय होय. तसेच दोन संगणक एकाच राउटरला वायरलेसने जोडलेले असले, तरी त्यांतील एक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जाळ्यावर असेल, तर राउटर त्यांची भेट मुद्दामच होऊ देत नाही.

नकाराचे शब्दही नीट वाचावेत. ५३ क्रमांकाचा दोष म्हणजे मार्ग सापडला नाही. ५ क्रमांकाचा म्हणजे प्रवेश नाकारला. कचेरीत दोहोंचे भाषांतर ‘नेटवर्क चालत नाही’ असेच होते. वास्तविक दुसरा दोष ही एका अर्थी शुभवार्ता आहे, कारण दारापर्यंत पोचणे झाले, अडले आहे ते ओळखीपाशी. तेथे तारा उपसणे व्यर्थ; सांकेतिक शब्द, खात्याचे नाव आणि फोल्डरवरील अधिकार पाहावेत. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने तर प्रोफेशनल प्रकारात निनावी पाहुण्याचा प्रवेश मुळातच बंद ठेवला आणि प्रत्येक संदेशावर सहीची अट घातली. त्यामुळे सांकेतिक शब्दावाचून वर्षानुवर्षे उघडणारी सामायिक पेटी नव्या संगणकावरून उघडेनाशी होते आणि दोष बिचाऱ्या तारेवर येतो.

दोष केवळ यादीचाच ठरला, तर नवी पद्धत समजून घेतली पाहिजे. आता पाटील नाही आणि हजेरीपटही नाही. संगणक ३७०२ क्रमांकाच्या दारातून ‘कोण कोण आहे?’ असे सर्वांना विचारतो आणि ज्याने त्याने आपापले उत्तर द्यायचे असते. उत्तर देण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या लांबलचक नावाच्या सेवेकडे, तर विचारण्याचे ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’कडे असते. यावरून निदान सोपे होते. एकच संगणक कोणालाच दिसत नसेल, तर त्याची उत्तर देणारी सेवा निजलेली असण्याचा संभव मोठा. तो स्वतः मात्र इतरांना पाहू शकतो. एकाच संगणकाला कोणीही दिसत नसेल, तर दोष पाहणाऱ्याकडे शोधावा. दोन्ही सेवा ‘स्वयंचलित, विलंबाने आरंभ’ या प्रकारावर ठेवल्या की रोजची कटकट पुष्कळ मिटते. तत्पूर्वी आणखी एक तपासावे: जोडणी ‘खाजगी’ मानली गेली आहे की ‘सार्वजनिक’. सार्वजनिक मानलेल्या जाळ्यात संगणक आपली ओळख देत नाही, आणि नव्या जोडणीला तो बहुधा सार्वजनिकच समजतो. रेल्वे स्थानकावर हा संकोच योग्य आहे. कचेरीत तो दूर करावा लागतो.

ज्या फोल्डरवाचून कचेरीचे पान हलत नाही, त्याच्यासाठी यादीवर विसंबूच नये हे उत्तम. त्याला प्रत्येक संगणकावर एक कायमचे ड्राइव्ह-अक्षर द्यावे आणि राउटरमध्ये त्या संगणकाचा अंकी पत्ता राखून ठेवावा. मग यादी रिकामी असली तरी खतावणी उघडते.

उरतो प्रश्न कोपऱ्यातील जुन्या स्कॅनरचा. त्याला कित्येकदा पहिल्या एसएमबीवाचून दुसरी बोली येत नाही, आणि त्या एकट्याच्या सोयीसाठी साऱ्या कचेरीत ती पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला जातो. अशा यंत्राच्या उत्पादकाने नवी अंतर्गत प्रणाली दिली आहे का ते प्रथम पाहावे. नसेल, तर स्कॅन केलेले कागद ई-पत्राने पाठविण्याची किंवा यूएसबी कांडीवर उतरविण्याची सोय त्यात बहुधा असते. कांडी घेऊन दहा पावले चालावी लागतात, इतकेच.