मडके वाजवून, रेडिओ ऐकून

कुंभाराकडून मडके घेताना आपल्या घरातील बायका ते आधी बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. नाद बद्द आला की मडके बाजूला ठेवतात, मग त्याचा आकार कितीही डौलदार असो. रेडिओ ही तर केवळ नादासाठीच घ्यावयाची वस्तू. परंतु तो घेताना आपण रंग पाहतो, बटणे मोजतो, किंमतीत घासाघीस करतो आणि आवाज मात्र दुकानातील गलक्यात अर्धा मिनिट ऐकून समाधान मानतो. २०१८ सालच्या दिवाळीत मी अगदी हेच केले. त्याचा भुर्दंड माझ्या खिशाला थोडा आणि माझ्या आईला फार पडला. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या बेळगावच्या घरात रेडिओ प्रथम आला तो वडिलांनी घेतलेला मर्फीचा, व्हॉल्व्हचा. लाकडी पेटी, पुढे कापडाचा पडदा, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल. कळ फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. हा सारा सरंजाम माजघरातून हलणे शक्य नव्हते. स्वयंपाकघरातील माणसांना त्यातले जेवढे कानावर येईल तेवढेच. पुढे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आला. त्याला ना भिंतीवरची एरियल लागे, ना विजेची तार. तेव्हा कुठे रेडिओ ओट्यापर्यंत पोहोचला आणि खऱ्या अर्थाने आईच्या मालकीचा झाला.

बेळगावच्या श्रोत्याचे एक भाग्य असे, की तो अनेक केंद्रांच्या मधोमध बसलेला आहे. धारवाडचे केंद्र १९५० सालचे, सांगलीचे १९६३ सालचे. घाटाखाली पणजी, तेथील पोर्तुगीज अमदानीतील ‘एमिसोरा दे गोवा’ १९६१ च्या मुक्तीनंतर आकाशवाणीत आले. आमच्या घरी सकाळी सांगली, तर कधी संध्याकाळी गाण्यासाठी धारवाड. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या केंद्राचे संगीत सल्लागार होते, त्या केंद्रावर कानडी-मराठी असा भेद करण्याचे आम्हांला कधी सुचले नाही. मात्र आईच्या बातम्या, अभंग आणि बाजारभाव सांगलीचे. तिची दृष्टी मंदावल्यावर वर्तमानपत्र सुटले, तसा रेडिओ हेच तिचे वर्तमानपत्र झाले. सकाळी मी शाळेला निघताना डब्याबरोबर चार बातम्याही ती माझ्या हाती ठेवी.

तो ट्रान्झिस्टर तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. आधी काटा सरकवणारा दोरा तुटला, मग लहरी बदलणारी पट्टी झिजली, आणि एके दिवशी तो कायमचा मुका झाला. दिवाळीच्या खरेदीत मी मोठ्या हौसेने नवा संच आणला. दोन स्पीकर, निळे-तांबडे दिवे, मोबाइल जोडण्याची सोय, गाणी साठवलेला पेनड्राइव्ह लावावयाला खाच. दुकानात त्यावर ढोलकीचे गाणे लावले होते. काच थरथरत होती. मी खूश झालो.

महिन्याभराने पत्नी म्हणाली, “अहो, आईंनी दिवाळीपासून रेडिओ लावलेला नाही, तुमच्या लक्षात आलंय का?”

वर्गात पन्नास मुलांतील एक गैरहजर असले तर माझ्या लक्षात येते. आणि घरात महिनाभर मला डब्याबरोबर एकही बातमी मिळाली नव्हती, ही गैरहजेरी मात्र माझ्या ध्यानी आली नव्हती. आईला विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, “काय बोलालेत ते कळंना झालंय बघ. नुस्तं घुमालंय. तू एवढ्या हौसेनं आणलास, म्हणून म्हटलं राहू दे.”

मग मी तो संच ओट्यापाशी बसून नीट ऐकला. दोष दोन होते. पहिला म्हणजे त्यात केवळ एफ.एम. होते, मध्यम लहरींचा पट्टाच नव्हता. एफ.एम.च्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात. मनोरा डोंगराआड किंवा फार दूर असला की त्या पोहोचत नाहीत. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर येतात. सांगली आमच्याकडे येत होती ती याच लहरींवर. तेव्हा मी आणलेल्या संचात आईचे केंद्र येणे शक्यच नव्हते. दुसरा दोष आवाजाचा. त्यातील खर्ज मुद्दाम फुगवलेला होता. ढोलकीला तो शोभतो, पण निवेदकाच्या शब्दांवर गोधडी घातल्यासारखा बसतो.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. बोलण्यातील स्वरांचा जोर मुख्यतः खालच्या आणि मधल्या पट्टीत असतो. परंतु एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा कळतो तो बव्हंशी व्यंजनांमुळे, आणि स, श, च, त यांसारख्या व्यंजनांचे बारीक सळसळणे वरच्या पट्टीत असते. वय वाढले की माणसाचे ऐकणे कमी होते तेही प्रथम याच वरच्या पट्टीत. त्यात स्वयंपाकघर म्हणजे गोंगाटाचे घर: एक्झॉस्ट पंख्याची घरघर, नळाची धार, फोडणीचा चरचराट, कुकरची शिट्टी. संचात खर्ज जास्त असेल, तर तो पंख्याच्या घरघरीत मिसळतो आणि व्यंजने बुडतात. मग आपण आवाज वाढवतो. त्याबरोबर खर्जही वाढतो, आणि कळत पूर्वीइतकेच नाही.

पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात त्याची ५६ गीते प्रसारित झाली. त्या काळच्या मध्यम लहरींवरील आवाजाला आजच्या एफ.एम.ची श्रीमंती नव्हती. एफ.एम.वर १५ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी येऊ शकतात. मध्यम लहरींवर त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आले तरी पुष्कळ. तरीही गदिमांचा शब्द आणि बाबूजींचा स्वर घरोघरी स्पष्ट पोहोचला. लाकडी पेटी, मोठा स्पीकर आणि मधल्या पट्टीचा सच्चेपणा यांचा तो गुण होता.

दुसऱ्या खेपेस मी शहाणा झालो होतो. ओळखीच्यांकडून आणि एका भल्या दुकानदाराकडून तीन संच दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणले आणि आईची परीक्षा घेण्याऐवजी संचांची परीक्षा घेतली. परीक्षा आमच्या शाळेतलीच, म्हणजे श्रुतलेखनाची. कुकर चढवलेला, पंखा चालू, आई नेहमीच्या जागी भाजी निवडत बसलेली. बातम्यांतील एकेक वाक्य झाले की तिने ते म्हणावयाचे आणि मी वहीत टिंब द्यावयाचे. ज्या संचावर ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गोंधळ झाला, त्याला शून्य. कारण बाजारभाव ऐकणाऱ्याला हा गोंधळ परवडत नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे च ज्याला वेगळे काढता आले नाहीत, तोही नापास. सर्वांत महागडा संच मागे पडला. पहिला आला तो दिसायला अगदी साधा, एकच चार इंची स्पीकर असलेला, जाड पेटीचा. आई म्हणाली, “हा माणसागत बोलतोय.”

त्या दोन दिवसांत आणि नंतर जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

स्पीकर संख्येने नव्हे, आकाराने पाहावा. हाताच्या पंजाएवढ्या पेटीतील दोन छोट्या स्पीकरांपेक्षा चार इंचांचा एक बरा. ओट्यावर डावे-उजवे वेगळे ऐकू येण्याचे काही कारण नाही, कारण ऐकणारे माणूस एका जागी बसत नाही. पेटीवर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. पातळ प्लास्टिक डबड्यासारखे वाजते आणि तोच डबडेपणा पुढे निवेदकाच्या आवाजाला चिकटतो. जड, भरीव पेटीवरून दबका ‘टक’ असा नाद येतो. मडक्यात घुमणारा नाद चांगला. रेडिओच्या पेटीने मात्र स्वतः वाजू नये, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

आवाज ऐकताना गाणे लावू नये; बातम्या लावाव्यात. एकदा पुरुषाचा, एकदा बाईचा आवाज ऐकावा. आवाज अगदी हळू करावा आणि तरी शब्द कळतात का पाहावे. मग मोठा करावा आणि फाटतो का पाहावे. खर्ज व तीव्र वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय असल्यास उत्तम.

लहरींचा विचार दुकानात जाण्यापूर्वी करावा. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने अनेक ठिकाणची मध्यम लहरींवरील प्रक्षेपणे बंद केली असून एफ.एम.वर भर दिला आहे. म्हणून आपल्या घरात आपले आवडते केंद्र आज कोणत्या लहरींवर येते, हे शेजाऱ्याचा रेडिओ आणून ओट्यापाशीच तपासावे. मध्यम लहरी हव्या असतील आणि संच आकड्यांचा असेल, तर आणखी एक बारकावा आहे. आपल्याकडे या पट्ट्यातील केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. परदेशातून कोणी प्रेमाने पाठवलेला संच १० च्या पावलांनीच चालत असेल, तर आपली बहुतेक केंद्रे त्यावर नेमकी लागत नाहीत. काहींत पाऊल बदलण्याची सोय असते. ती आहे का, विचारून घ्यावे.

जागा हा अर्धा रेडिओ होय. मध्यम लहरी पकडणारी फेराइटची दांडी संचाच्या आत आडवी बसवलेली असते. तिचे टोक केंद्राच्या दिशेला आले की आवाज क्षीण होतो, तिची आडवी बाजू आली की भरतो. म्हणून खरखर होताच रेडिओ खराब झाला असे न समजता तो जागच्या जागी पाव फेरा फिरवून पाहावा. स्टीलच्या मांडणीत तो कोंडू नये. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबच्या घरात खिडकीजवळ ठेवावा. काही हलक्या प्रतीचे एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इंडक्शनची शेगडी यांमुळे मध्यम लहरींत गुणगुण येते. एकेक बंद करून पाहिले की गुन्हेगार सापडतो. आमच्याकडे तो ओट्यावरचा दिवा निघाला. संच भिंतींच्या कोपऱ्यात सारला तर खर्ज वाढतो. थोडा पुढे ओढला की शब्द मोकळे होतात.

शेगडीची धग, वाफ आणि फोडणीचे तेल यांपासून तो दूर, पण हात पोहोचेल असा असावा. पुढच्या कापडी पडद्यात तेलकट धूळ बसते. धातूची जाळी पुसता येते. कणकेच्या हाताने, मनगटाने फिरवता येईल अशी मोठी कळ असावी. ओला हात आणि विजेची तार यांची गाठ पडू नये, म्हणून सेलवर चालणारा संच अधिक निर्धास्त. मात्र संपलेले सेल आत राहू दिले तर ते पाझरतात. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करून ओट्यावर ठेवण्याचा मोह काहींना होतो. अशा काही संचांचा आतील सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. तो माजघरात शोभेसाठी ठेवावा, पाण्याजवळ नव्हे.

कोणी म्हणेल, हल्ली केंद्रे मोबाइलवरही ऐकता येतात, मग हा खटाटोप कशाला? तरुणांना ती सोय जरूर उपयोगी आहे. परंतु आईला काचेवर बोट कोठे ठेवावे हे दिसत नाही. कळ मात्र अंधारातही हाताला लागते, आणि ती फिरवायला नातवाला हाक मारावी लागत नाही.

असो. दिवे लागणारा तो संच आता मुलाच्या खोलीत सुखाने ढोलकी वाजवीत आहे. साधा संच खिडकीपाशी आहे. तो आणल्यानंतरच्या सोमवारी मी शाळेला निघालो, तेव्हा आई डबा हातात देत म्हणाली, “टोमॅटो उतरलेत. आणि आज पाऊस सांगितलाय, छत्री घे.” तिने छत्री सांगितली आणि मी ती घेतली नाही. दुपारी चिंब भिजून घरी आलो, तेव्हा ती काही बोलली नाही. रेडिओचा आवाज तेवढा किंचित मोठा केला.