ईसीडब्ल्यू बंद पडली, मग तिची माणसं कुठे गेली?

नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि अमेरिकेतले डब्ल्यूडब्ल्यूएफचे पैलवान मराठी पोरांच्या तोंडी बसले. त्यांची चित्रं असलेले पत्ते शाळेच्या दप्तरांतून फिरायचे. त्या झगमगाटातले स्टीव्ह ऑस्टिन, मिक फोली, ख्रिस जेरिको, रे मिस्टेरियो, डडली बंधू हे सगळे तिथे पोहोचण्याआधी फिलाडेल्फियातल्या एका छोट्या, स्वतंत्र कंपनीत झुंजले होते. तिचं नाव एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजे ईसीडब्ल्यू. ही कंपनी जेमतेम नऊ वर्षं जगली. पण तिथे राबलेल्या माणसांनी त्यानंतरचं अमेरिकन कुस्तीचं जग बरंचसं उभं केलं, आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला त्याचं मोल आलं नाही.

कंपनी होती तरी कशी?

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. पण उंचावरून घेतलेली उडी खरी असते, पाठीखाली मोडणारं टेबल खरं असतं आणि कपाळावरचं रक्तही बहुतेक वेळा खरंच असतं.

1992 साली टॉड गॉर्डन या फिलाडेल्फियाच्या व्यावसायिकानं ‘ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग’ सुरू केली. पुढच्याच वर्षी सामन्यांच्या कथा आखण्याचं काम पॉल हेमनकडे आलं. 27 ऑगस्ट 1994 रोजी शेन डग्लसनं एनडब्ल्यूए या जुन्या संघटनेचा जागतिक पट्टा जिंकला आणि तिथेच रिंगमध्ये तो फेकून दिला. आम्ही जुन्या परंपरेचं काही देणं लागत नाही, असा त्याचा अर्थ होता. नावातला ‘ईस्टर्न’ जाऊन ‘एक्स्ट्रीम’ आला तो त्यानंतर.

सामने व्हायचे दक्षिण फिलाडेल्फियात, स्वॉनसन आणि रिटनर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. एरवी तिथे बिंगोचा खेळ चालायचा. हजार-दीड हजार माणसं दाटीवाटीनं बसत, आणि पैलवानांना त्यांची भीतीही वाटे, मायाही वाटे. ऑगस्ट 1995 मध्ये एडी गरेरो आणि डीन मलेंको मोठ्या कंपनीत जायला निघाले, तेव्हा त्यांच्या शेवटच्या लढतीनंतर याच प्रेक्षकांनी ‘जाऊ नका’ म्हणून आळवणी केली होती.

पडद्यामागे राबणारे

ईसीडब्ल्यूचा विषय निघाला की काटेरी तारा आणि मोडलेली टेबलं आठवतात. मला मात्र वाटतं, तिची खरी ताकद रिंगच्या बाहेर होती.

जोई स्टाइल्स हा समालोचक. इतर कंपन्यांत या कामाला दोन किंवा तीन माणसं बसत, हा एकटा बसे. 13 एप्रिल 1997 रोजी ‘बेअरली लीगल’ हा कंपनीचा पहिला पे-पर-व्ह्यू कार्यक्रम झाला, म्हणजे प्रेक्षकानं घरबसल्या पैसे भरून पाहायचा कार्यक्रम. तो अख्खा कार्यक्रम थेट प्रक्षेपणात त्यानं एकट्यानं सांभाळला. त्याच रात्री 52 वर्षांच्या टेरी फंकनं जागतिक पट्टा जिंकला. तो क्षण प्रेक्षकांच्या मनात राहिला, त्यात फंकइतकाच स्टाइल्सच्या आवाजाचा वाटा आहे.

रॉन बफोन चित्रीकरण आणि संकलन पाहायचा. हाताशी पैसे कमी, साधनं त्याहून कमी. पैलवानांची छोटी छोटी भाषणं तुकड्यातुकड्यांनी जोडून, वेगवान संगीतावर बसवून तो दाखवायचा. मोठ्या वाहिन्यांवरचे कुस्तीचे कार्यक्रम त्यापुढे जुनाट वाटू लागले.

पैलवान आणि कर्मचारी यांच्यात तर रेघच नव्हती. टॅझ रात्री कुस्ती करायचा आणि कंपनीच्या टी-शर्टांवरची चित्रंही आखायचा. टॉमी ड्रीमर रिंगमध्ये मार खायचा आणि कार्यालयात हेमनला कार्यक्रमांच्या आखणीत मदत करायचा. गेब सपोल्स्की नावाचा तरुण हेमनच्या हाताखाली पडेल ते काम करत शिकत होता. त्याचा उल्लेख पुढे येईल.

पैसे थकले

कंपनीला देशभर टीव्हीवर झळकण्याची संधी मिळाली ती ऑगस्ट 1999 मध्ये, टीएनएन या वाहिनीवर. पुढच्या वर्षी त्या वाहिनीनं डब्ल्यूडब्ल्यूएफशी करार केला आणि ऑक्टोबर 2000 मध्ये ईसीडब्ल्यूचा कार्यक्रम बंद झाला. तोवर पैलवानांचे धनादेश वटेनासे झाले होते. डडली बंधू, टॅझ असे एकेक जण आधीच निघून गेले होते.

किती ओढाताण होती, हे एप्रिल 2000 मधल्या एका प्रसंगातून कळतं. माइक ऑसम हा ईसीडब्ल्यूचा विजेता पट्टा नावावर असतानाच डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात दिसला. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. तडजोड अशी ठरली की ऑसमनं एकदा परत येऊन पट्टा हरायचा. त्याला हरवायला आला टॅझ, जो तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या नोकरीत होता. म्हणजे 13 एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये ईसीडब्ल्यूच्या सर्वोच्च पट्ट्यासाठी जे दोघं लढले, त्यांतला एकही ईसीडब्ल्यूचा राहिलेला नव्हता.

शेवटचा कार्यक्रम 13 जानेवारी 2001 रोजी आर्कान्सा राज्यातल्या पाइन ब्लफ गावी झाला. मार्चमध्ये हेमन डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ कार्यक्रमात समालोचक म्हणून बसला, आणि एप्रिलमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी सुमारे 89 लाख डॉलर, मालमत्ता सुमारे 14 लाख. देणेकऱ्यांच्या यादीत छापखाने, वाहिन्या होत्या, तसे पैलवानही होते. 2003 मध्ये उरलीसुरली मालमत्ता, सगळ्या जुन्या चित्रफितींसह, डब्ल्यूडब्ल्यूईनं (म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं) घेतली.

मग कोण कुठे गेलं?

सगळ्यांत दूरवर पोहोचलं ते सपोल्स्कीचं काम. ईसीडब्ल्यूच्या चित्रफिती विकणारा रॉब फाइनस्टाइन आणि सपोल्स्की यांनी 2002 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातच ‘रिंग ऑफ ऑनर’ सुरू केली. कथा आखण्याचं काम सपोल्स्कीकडे होतं. या कंपनीनं रक्ताऐवजी कुस्तीच्या कसबावर भर दिला. पुढे जगभर गाजलेले ब्रायन डॅनियलसन, सीएम पंक, समोआ जो तिथूनच वर आले.

काहींनी शाळा काढल्या. लान्स स्टॉर्मनं 2005 मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत प्रशिक्षण केंद्र उघडलं आणि ते 2019 पर्यंत चालवलं. डडली बंधूंनी फ्लोरिडात शिकवायला सुरुवात केली. अल स्नोनं केंटकीतली ओव्हीडब्ल्यू ही छोटी कंपनी विकत घेतली. ड्रीमरनं 2012 मध्ये ‘हाउस ऑफ हार्डकोर’ नावानं स्वतःचे कार्यक्रम सुरू केले. टॅझनं मानेच्या दुखण्यामुळे कुस्ती सोडली आणि समालोचनात दुसरा जन्म घेतला. जोई स्टाइल्स डब्ल्यूडब्ल्यूईच्या संकेतस्थळाचं काम पाहू लागला.

जून 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं जुन्या मंडळींना एका रात्रीसाठी एकत्र आणलं. दोनच दिवस आधी शेन डग्लसनं फिलाडेल्फियाच्या जुन्या जागी वेगळा मेळावा भरवला होता. 2006 मध्ये त्याच बॉलरूममध्ये रॉब व्हॅन डॅमनं जॉन सीनाला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईचा सर्वोच्च पट्टा जिंकला. त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूईनं ईसीडब्ल्यू नावाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. तो 2010 पर्यंत चालला, पण नावाखेरीज जुनं त्यात फारसं काही उरलं नाही.

हेमनचा 2024 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तोही फिलाडेल्फियातच. त्याची कल्पकता वादातीत आहे. थकलेल्या पगारांची जबाबदारीही तितकीच वादातीत आहे. सन्मानाच्या वेळी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

शरीरानं दिलेली किंमत

9 ऑगस्ट 1997 रोजी साबू आणि टेरी फंक काटेरी तारांनी वेढलेल्या रिंगमध्ये लढले. साबूचा दंड तारेनं फाटला. त्यानं तो चिकटपट्टीनं गुंडाळला आणि सामना पूर्ण केला. ही कथा आजवर शौर्याची म्हणून सांगितली गेली. खरं तर त्या क्षणी सामना थांबवणारं कोणी तिथे नव्हतं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

पब्लिक एनिमी या जोडीतला रॉको रॉक 2002 मध्ये गेला, जॉनी ग्रंज 2006 मध्ये. माइक ऑसम आणि बॅम बॅम बिगेलो दोघंही 2007 मध्ये. अ‍ॅक्सल रॉटन आणि बॉल्स महोनी 2016 मध्ये, दोन महिन्यांच्या अंतरानं. यांतल्या एकानंही साठी गाठली नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, सगळं एका कंपनीच्या माथी मारणं बरोबर नाही. पण दुखणं दाबायला घेतलेल्या गोळ्या, व्यसनं आणि डोक्याला सतत बसलेला मार यांची छाया त्या पिढीवर होती. साबू अगदी अलीकडेपर्यंत लढत राहिला. एप्रिल 2025 मध्ये लास व्हेगसला शेवटची लढत देऊन तो मे महिन्यात वारला.

मदत कुठून मिळते?

अमेरिकेत पैलवानांना कंपन्या सहसा नोकर मानत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार मानतात. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, आरोग्यविमा ज्याचा त्यानं काढायचा. संघटना बांधण्याचे प्रयत्न झाले, टिकला एकही नाही. डब्ल्यूडब्ल्यूई 2007 पासून आपल्या माजी पैलवानांच्या व्यसनमुक्ती उपचाराचा खर्च उचलते. तिच्याशी कधी करारच न झालेल्यांसाठी आधार उरतो तो कॉलीफ्लॉवर अ‍ॅली क्लबसारख्या जुन्या संस्थांचा. 1965 साली स्थापन झालेली ही संस्था गरजू माजी पैलवानांना देणग्यांतून मदत करते. ईसीडब्ल्यूच्या जुन्या चित्रफितींवर आज जो धंदा होतो, त्यातला ठरावीक वाटा तिथे हाडं मोडून घेतलेल्यांना आणि पगार बुडालेल्या कर्मचाऱ्यांना हक्कानं मिळायला हवा.