दरवेळी विषच नसतं

पहिला मोठा पाऊस होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याच्या कडेला रोहू-कटला पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात आणि दुपारपर्यंत गावभर एकच वाक्य फिरतं : ‘कुणीतरी विष टाकलं.’ नागभीड-सिंदेवाहीपासून आरमोरी-वडशापर्यंत, मालगुजारी तलावांच्या सगळ्या पट्ट्यात हे वाक्य इतक्यांदा कानी आलं आहे की आता चीड येते. ढिवर कुटुंबांचं वर्षभराचं पोट त्या माशांवर असतं. ते तर गेलंच, वर शेजाऱ्याशी कायमचं वैर!

मुळात तळं म्हणजे निपचित साचलेलं पाणी, हीच समजूत चुकीची. बाष्पीभवन ते आतून हलवत असतं. एक लिटर पाणी आटताना इतकी उष्णता घेऊन जातं की तेवढ्यात सुमारे ५८० लिटर पाणी एका अंशाने गार व्हावं. माठ याच कारणाने गार होतो. मे महिन्यात चंद्रपूरची कोरडी हवा रात्रीसुद्धा तळ्यातून पाणी ओढत असते. वरचा थर गार झाला की जड होऊन खाली बसतो, खालचं कोमट पाणी वर येतं आणि वरचा प्राणवायू गाळापर्यंत पोचतो. तांबड्या समुद्राचं अभिसरणही बाष्पीभवनच चालवतं. तिथे पाणी आटून अधिक खारं, म्हणून अधिक जड होतं आणि बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून तळाशी बाहेर वाहतं.

मृगाच्या तोंडावर हवा दमट होते, वारा पडतो. बाष्पीभवन मंदावतं, रात्रीची ही फेरी अडते. उन्हाळ्याने तळं आधीच उथळ झालेलं असतं. तळचा कुजका गाळ खालच्या पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतो. वर आभाळ भरलेलं, म्हणून शेवाळही पुरेसा प्राणवायू तयार करत नाही. अशात वादळी, गार सर आली की तळं एकदम ढवळतं, खालचं नासकं पाणी सगळीकडे पसरतं आणि मासे गुदमरतात. हा माझा तर्क नव्हे. मत्स्यतळ्यांच्या पाण्यावर दीर्घकाळ काम केलेले अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचे क्लॉड बॉइड यांनी ढगाळ हवा आणि थरांचं असं अचानक मिसळणं, ही दोन्ही कारणं आपल्या पुस्तकांत मांडली आहेत.

बाष्पीभवनाबद्दलच्या आणखी काही समजुती. ऊन नसलं की पाणी आटत नाही? कोरडा वारा पुरतो. तळ्याची वाफ आपल्याच शिवारात पाऊस होऊन पडते? गडचिरोलीला झोडपणारा पाऊस बहुतेकदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. आटून आटून तळं लोणारसारखं खारं होईल? लोणारच्या पाण्याला बाहेर वाट नाही. आपल्या तळ्यांचा सांडवा चांगल्या पावसात वाहतो आणि क्षार धुऊन नेतो.

विष कधीच टाकलं जात नाही, असं मी म्हणत नाही. पण आरोपाआधी पाहा तरी! प्राणवायू संपला असेल तर सहसा मोठे मासे आधी जातात आणि हवेतून श्वास घेणारी मरळ तगते. मरळ, बेडूक, पाणकिडे सगळेच मेले असतील, तर मात्र पाण्याचा नमुना तपासायला द्या. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले, तर वाट पाहू नका. पंप लावा, तळ्याच्या वरच्या थरातलंच पाणी उचला आणि उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा. ऊन चांगलं वर येईपर्यंत पंप बंद करू नका.